नवीन फ्लॅटमध्ये सामान लावायच्या आधी एवढं बघून घे

अरे, कोथरूडला शिफ्ट झालास ना, मग पहिलं किचन बघ. सिलेंडरची केशरी नळी हातात घेऊन वाकव, चिरा दिसल्या तर लगेच बदल, आणि दिसल्या नाहीत तरी नळीवर छापलेलं वर्ष बघ, ५ वर्षं झाली की ती गेलीच समज. रेग्युलेटरच्या जोडावर साबणाचा फेस लाव, बुडबुडे आले म्हणजे लीक आहे, काडी पेटवून बघायचं नाही म्हणजे नाही! एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो, म्हणून वास आला तर बटणाला हात लावू नकोस, पंखासुद्धा नको, चालू असेल तर चालू राहू दे, खिडक्या-दारं उघड, रेग्युलेटर बंद कर आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन लाव.

आता वायरिंग. आमच्या नारायण पेठेतल्या जुन्या घरात गिझर साध्या ६ अँपच्या सॉकेटवर चालायचा, २ किलोवॅटचा गिझर जवळजवळ ९ अँप ओढतो, एके सकाळी जळका वास आला, बघतो तर प्लगची एक पिन काळी पडलेली आणि प्लास्टिक मऊ झालेलं, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. तुझ्याकडे १६ अँपचा पॉइंट नसेल तर आधी तो करून घे, आणि गिझर, इस्त्री, मायक्रोवेव्ह एक्स्टेंशन बोर्डवर कधीच नको. पॅनलमध्ये आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळाला की आपोआप वीज तोडणारा स्विच, आहे का तेही इलेक्ट्रिशियनला विचार.

देवघरातली समई पडद्यापासून लांब ठेव. स्कूटरची बॅटरी रात्रभर दाराशी चार्जिंगला लावू नकोस रे, पळायची वाटच तीच असते.