दुसरीत गेली तरी बोटं मोजते

"मॅडम, दुसरीत गेली तरी बोटं मोजते. वर्गातली बाकीची मुलं तोंडी उत्तरं देतात." खुर्चीत नीट बसायच्या आधीच आईने सांगून टाकलं. मुलीला आपण सई म्हणू, हे तिचं खरं नाव नाही. मुलांच्या शिकण्यातल्या अडचणी मी पाहते; पुण्यात कर्वेनगरातल्या माझ्या खोलीत शाळा सुरू झाल्या की ही काळजी घेऊन बरेच पालक येतात. सईचे बाबा तिला हात मांडीखाली दाबून गणितं सोडवायला लावत होते, म्हणजे सवय सुटेल. हे सांगताना आईचा आवाज खाली गेला. ते तिलाही पटत नव्हतं.

सई सात वर्षं दोन महिन्यांची. मी विचारलं, आठ आणि पाच किती? तिचे हात लगेच टेबलाखाली गेले. चेहरा सरळ, पण खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "बारा?" उत्तर चुकलं याचं मला काही वाटलं नाही. एवढ्याशा मुलीला बोटं लपवावी लागतात, याचं फार वाईट वाटलं.

मग आम्ही चिंचोके घेतले. सहा-सहाच्या दोन ओळी, समोरासमोर. तिच्यादेखत मी एक ओळ लांब पसरवली आणि विचारलं, आता कुठे जास्त? झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा हा जुना प्रयोग. चार-पाच वर्षांची मुलं बहुधा लांब ओळीकडे बोट दाखवतात, कारण लांबी दिसते आणि संख्या मनात धरावी लागते. सई क्षणभर थांबली, पसरलेले चिंचोके परत जवळ ढकलले आणि म्हणाली, "सारखेच आहेत मावशी, तू नुसते लांब केलेस." केलेली गोष्ट उलटी फिरवून पाहता येणं, ही सहा-सात वर्षांच्या सुमारास येणारी मोठी उडी आहे. ती सईने घेतलेली होती.

मग अडत कुठे होतं? हात टेबलावर ठेवून मोज म्हटल्यावर ते दिसलं. ती आधी आठ बोटं एकपासून मोजायची, मग पाच, आणि मग सगळी पुन्हा पहिल्यापासून. दहाच बोटं, त्यात घाई, मध्येच धागा तुटायचा. मी आठ चिंचोके वाटीखाली झाकले. "यात आठ आहेत, हे मोजायचे नाहीत." पाच बाहेर ठेवले. ती वाटीवर हात ठेवून "आठ" म्हणाली आणि पुढे गेली, "नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा." तिसऱ्या उदाहरणाला वाटी लागली नाही.

लेव्ह व्हायगॉट्स्की हा रशियन अभ्यासक पियाजेच्याच वर्षी, 1896 मध्ये जन्मला आणि 1934 मध्ये क्षयाने गेला. मूल एकट्याने काय करतं आणि थोड्या मदतीने काय करतं, यांतल्या अंतराला त्याने नजीकच्या विकासाचं क्षेत्र म्हटलं. शिकवायचं ते तिथे. सईच्या बाबतीत ते अंतर एका वाटीएवढं होतं. बाबा मात्र तिला एकदम पलीकडच्या काठावर उभं राहायला सांगत होते, तेही हात बांधून.

आणखी एक गोष्ट निघाली. "एकोणपन्नास लिही" म्हटल्यावर तिने 59 लिहिलं, "त्रेचाळीस"ला 34. आईने कपाळाला हात लावला. पण जरा कान देऊन ऐका. त्रेचाळीसमध्ये तीन आधी ऐकू येतात, चाळीस नंतर. एकोणपन्नासमध्ये पन्नास ऐकू येतात आणि लिहायचे असतात चाळीसच्या घरातले. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' अशी वाचनपद्धत दिली, तेव्हा केवढा वाद झाला! जुनी संख्यानामं मला प्रिय आहेत, ती जायला नकोत. पण "चाळीस आणि तीन, म्हणजेच त्रेचाळीस" असं काही महिने जोडीने म्हटलं, तर मुलाला कुठे काय लिहायचं ते कळतं. घरी दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घेऊन हेच करा, असं मी सांगितलं. भाजीचा हिशेब आजीने सईसोबत करायचा, बोटं उघड वापरायची, आणि हात मांडीखाली अजिबात नाही.

"पण कायमची सवय लागली तर?" आईचा प्रश्न रास्त होता. बोटांवरची बेरीज मनात जायला वेळ लागतो. पुढे मोजणं पक्कं झालं की मूल दहा भरायला शिकतं: आठात दोन घातले की दहा, उरले तीन. जवळची वाट सापडली की लांबची आपोआप सुटते. मात्र आठ वर्षं उलटून गेल्यावरही, नीट मदत मिळूनही, दोन लहान संख्यांतली मोठी कोणती हेच कळत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे शिकण्यातल्या मूळच्या अडचणीची, तपासणी करून घ्यावी. तिथे वाट पाहत बसू नये. सईला त्याची गरज दिसली नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आईचा फोन आला. बेरजेला सई आता मोठ्या संख्येपासून पुढे मोजते, कधीकधी दहाही भरते. वजाबाकीला अजून बोटं लागतात. "आणि बाबा?" मी विचारलं. "तिला दहाच्या पुढे बोटं कमी पडली ना," आई म्हणाली, "की ते आपला हात पुढे करतात."