आधी गोळी सोडून बघ

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एम.एस्सी. झाल्यावर विज्ञानाच्या इतिहासाकडे वळावं का, घरचे काय म्हणतात, पोटापाण्याचं काय, सगळं तू मोकळेपणाने लिहिलंस ते बरं केलंस. पोटापाण्याची वाट तुझी तुलाच काढावी लागेल. शाळेत शिकवूनही हे काम करता येतं एवढंच सांगते, आणि तसं करणारा मोठा माणूस आपल्याकडेच होऊन गेलाय, त्याच्याबद्दल पुढे लिहिते. मला टोचलं ते वेगळंच. तू लिहितोस, गॅलिलिओने प्रयोग करून गतीचा नियम काढला असं एकजण सांगतो, त्याने प्रयोग केलेच नाहीत असं दुसरा नेमकं उलट सांगतो, तेव्हा इतिहासात खरं असं काही नसतंच, सगळी मतंच.

अरे, ज्या दोन मतांमध्ये तू अडकलायस, त्यातलं एक तरी स्वतः तपासलंस का? तू भौतिकशास्त्र शिकलेला मुलगा. फळी तिरकी करून तिच्यावरून गोळी सोडायला तुला कुणाची परवानगी लागत नाही. तेवढं करायच्या आधीच 'खरं काही नसतं' म्हणून मोकळा झालास, याचा मला राग आला. आधी करून बघ. मग हताश व्हायचं असेल तर खुशाल हो.

पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे सोडल्याची गोष्ट बाजूला ठेव. ती विव्हियानी या शिष्याने गॅलिलिओ गेल्यावर लिहिलेल्या चरित्रात येते, तिच्यावर वेळ घालवू नकोस. खरा वाद उतरत्या फळीचा आहे. १६३८ साली लायडनला छापलेल्या ग्रंथात गॅलिलिओने ती फळी बारकाईने वर्णन केली आहे. १२ ब्राच्चो (हे तिथलं लांबीचं जुनं माप), म्हणजे सुमारे ७ मीटर लांबीची लाकडी तुळई. तिच्यात बोटाहून जरा रुंद खाच, आत घोटलेलं चर्मपत्र चिकटवलेलं. कांस्याची गुळगुळीत गोळी. वेळ मोजायला पाण्याचं मोठं भांडं उंचावर ठेवलेलं, बुडाला बारीक नळी. गोळी खाली येईपर्यंत पडलेलं पाणी पेल्यात धरायचं आणि ते तोलायचं. शंभर वेळा करून पाहिलं, तो म्हणतो, आणि अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं हेच दरवेळी दिसलं. नाडीच्या एका ठोक्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही फरक पडला नाही.

विसाव्या शतकात अलेक्झांडर कोयरे हा फार मोठ्या वाचनाचा इतिहासकार म्हणाला की असल्या साधनांनी इतकी अचूकता येणं शक्यच नाही. गॅलिलिओचं बळ विचारात होतं, प्रयोगात नव्हतं. कोयरेचा दबदबा एवढा की एक पिढी हे मानून चालली. तू वाचलेलं 'उलट' मत ते हेच. मी कोयरेला कमी लेखत नाही. जुने ग्रंथ त्याच्याइतके खोल वाचणारी माणसं थोडी. पण त्याने गोळी सोडली नाही. एवढीच माझी तक्रार आहे, आणि ती लहान नाही.

सोडली ती थॉमस सेटल नावाच्या विद्यार्थ्याने. तुझ्याहून फार मोठा नसेल, कॉर्नेल विद्यापीठात शिकत होता. पाइनची लांब फळी, बिलियर्डचा चेंडू, आणि पाण्याच्या घड्याळासाठी चक्क फुलझाडाची कुंडी, तिच्या भोकातून नळी घातलेली. १९६१ मध्ये त्याने निकाल छापला. गॅलिलिओ म्हणतो ती अचूकता या साधनांनी येते, थोडा हात बसला की आरामात येते.

आता हे माझ्या अनुभवाने सांगते. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी मुलांकडून ही फळी बनवून घ्यायचे. एवढं लांब सागवान एका तुकड्यात परवडेना, म्हणून दोन फळ्या जोडल्या. गोळी ट्रकच्या बेअरिंगमधली. पहिल्याच दिवशी सांध्यावर गोळी 'टक्' करून उडाली आणि सगळे आकडे विस्कटले. तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, खाचेत काहीतरी चिकटवू या का?" ट्रेसिंग पेपरची अखंड पट्टी चिकटवली आणि गोळी सरळ वाहायला लागली. ते चर्मपत्र मी तोपर्यंत कितीदा तरी वाचलं होतं, आणि दरवेळी जुन्या काळची सजावट समजून पुढे गेले होते. पाण्याचंही तसंच. लहान बाटली घेतली तर पातळी भराभर उतरते आणि धार मंदावते. गॅलिलिओ 'मोठं' भांडं म्हणतो ते उगाच नाही. मोठ्या भांड्यात पातळी जवळजवळ हलत नाही, धार एकसारखी राहते. चर्मपत्र आणि मोठं भांडं हे दोन्ही बारकावे ज्याने हात ओले केलेत त्यालाच सुचतात. हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नाही, त्या सागवानाच्या सांध्याने शिकवलं.

आणि तरीही मुलांनी बनवलेली फळी हा पुरावा नव्हे, हे लक्षात ठेव. करता येतं म्हणजे त्याने केलंच होतं, असं होत नाही. त्यासाठी कागद लागतो, आणि इथेच मला सगळ्यात जास्त चीड येणारी गोष्ट येते. गॅलिलिओचं समग्र साहित्य अंतोनियो फावारोने १८९० ते १९०९ या काळात २० खंडांत संपादित केलं. आयुष्य ओतलं त्याने त्यात. पण गतीविषयीच्या हस्तलिखितातले काही कागद त्याने गाळले, कारण त्यांवर मजकूर नव्हता, नुसते आकडे आणि आकृत्या. कोयरेच्या पिढीने छापील खंड वाचले, आणि गाळलेले कागद फ्लोरेन्सच्या ग्रंथालयात ७२ क्रमांकाच्या बाडात तसेच पडून राहिले.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते उलगडले स्टिलमन ड्रेकने. हा माणूस मुळात सान फ्रान्सिस्कोत कर्जरोख्यांच्या व्यवसायात होता. गॅलिलिओचा नाद त्याने फावल्या वेळात जोपासला आणि उतारवयाकडे झुकताना टोरंटोला प्राध्यापक झाला. त्याला मिळालेल्या एका पानावर, १०७ व्या पानाच्या पाठीवर, आठ आकड्यांचा रकाना आहे: ३३, १३०, २९८, ५२६, ८२४, ११९२, १६२०, २१०४. शेजारी १, ४, ९, १६ असे ६४ पर्यंतचे वर्ग.

इथे थांब, पेन घे. ३३ ला ४ ने गुण, १३२ येतात, कागदावर १३०. ९ ने गुण, २९७, कागदावर २९८. १६ ने ५२८, कागदावर ५२६. ३६ ने ११८८, कागदावर ११९२. ६४ ने २११२, कागदावर २१०४. बघितलंस? सूत्रातून काढलेले आकडे असते तर तंतोतंत बसले असते. हे कधी दोनने कमी, कधी चारने जास्त. त्याचं एकक मिलिमीटरहून जरा लहान होतं, म्हणजे जवळपास दोन मीटर अंतरात सात-आठ मिलिमीटरची चूक. मोजणाऱ्या हाताची चूक अशीच दिसते. आमच्या मुलांच्या वहीतही अशीच दिसायची. वर्षानुवर्षं अशा वह्या तपासल्या असतील तर हे पान बघताच कळतं की हा माणूस फळीपाशी उभा होता.

इतक्या लहान, सारख्या अंतराने वेळ मोजली कशी, यावर ड्रेकचा एक सुंदर तर्क आहे. गॅलिलिओचे वडील ल्यूट हे तंतुवाद्य वाजवायचे, तो स्वतःही वाजवायचा. फळीवर आडव्या ताती बांधायच्या, गोळी ओलांडताना आवाज होतो, आणि आवाज लयीत येईपर्यंत ताती सरकवायच्या. तबल्याची मात्रा किंचित सरकली तरी बैठकीतला साधा श्रोतासुद्धा मान वर करतो, तसंच हे. हा तर्कच आहे, गॅलिलिओने असं कुठे लिहून ठेवलेलं नाही, आणि सगळे इतिहासकार तो मानत नाहीत. तोही मान म्हणून सांगत नाही. ताती बांधून बघ.

तुला वाटेल मॅडम गॅलिलिओच्या भक्त. मुळीच नाही. १६३२ च्या ग्रंथात तो म्हणतो की लोखंडी गोळा १०० ब्राच्चो उंचीवरून ५ सेकंदांत पडतो. साधारण ५८ मीटर झाले. तू स्वतः गणित कर, साडेतीन सेकंदसुद्धा लागत नाहीत. हा आकडा चुकीचाच आहे, आणि तो चुकीचा हे कळलं तेही करून बघणाऱ्यांनाच. बोलोन्याचा जेझुइट पंथाचा धर्मगुरू रिच्चोली, पृथ्वी सूर्याभोवती फिरते या कोपर्निकसच्या मताच्या विरोधातला, गॅलिलिओच्या आकड्यांविषयी साशंक. त्याने आसिनेल्ली मनोऱ्यावरून गोळे सोडले. वेळेसाठी लंबक वापरला, आणि त्या लंबकाची खात्री करायला सहकाऱ्यांना बसवून दिवसरात्र त्याचे झोके मोजवले. अंतराचा नियम मात्र गॅलिलिओचाच बरोबर निघाला, आणि हे त्याने प्रामाणिकपणे छापलं. मतं दोघांचीही होती रे, आणि पक्की होती. निकाल गोळ्याने लावला.

शंकर बाळकृष्ण दीक्षित हा तो आपल्याकडचा माणूस. मुरूडचे, शिक्षकाची नोकरी, आणि १८९६ साली मराठीत भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत असं वाक्य आहे. किती पिढ्यांनी ते पाठ म्हटलं असेल! दीक्षितांनी ते गणिताला लावलं. आज कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत नाहीत, बऱ्याच उत्तरेकडे उगवतात. अयनचलन, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाची दिशा हळूहळू बदलणं, उलटं मोजत गेलं की त्या आकाशातल्या विषुववृत्तावर असण्याचा काळ इ.स.पू. ३००० च्या आसपास येतो. त्या वाक्याचा असा अर्थ घ्यावा का, यावर आजही वाद आहेत. पण दीक्षितांचं गणित समोर आहे, त्यांच्याशी भांडायचं तर तेही गणितानेच भांडावं लागतं. आपला इतिहास महान की क्षुद्र यावर तावातावाने बोलणारे खूप भेटतील तुला. त्यांना विचार, गणित कुठाय?

माझ्या फळीवर कॉलेजात कमी टीका झाली नाही. अभ्यासक्रमात नाही, परीक्षेला नाही, आठवडे फुकट जातात. मी ऐकलं नाही. पुस्तकही लिहिलं नाही, आणि ते का लिहिलं नाही असं तूही आडून विचारलंयसच. इटालियन शिकायचं राहिलं. उमेदीच्या वयात ते बाड बघायचं तर फ्लोरेन्स गाठावं लागलं असतं, ते कधी जमण्यातलं नव्हतं. याची खंत आहे, ती जाणार नाही. पण फळी बनवायच्या ऐवजी मी तीच वर्षं दुसऱ्यांच्या मतांवर तिसरं मत लिहिण्यात घातली असती तर जास्त काही कमावलं असतं, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. त्या मुलांपैकी कुणीही तुझ्यासारखं 'सगळी मतंच' म्हणत नाही. मला तेवढं पुरे आहे.

तुझं तसं नाही. ७२ क्रमांकाचं बाड आता घरबसल्या संगणकावर बघता येतं. इटालियन शीक, टाळू नकोस. वाचण्यापुरतं यायला फार काळ लागत नाही. विज्ञानाच्या इतिहासात जायचं की नाही हे मला आत्ता विचारू नकोस. आधी १०७ क्रमांकाचं पान उघड आणि मागची बाजू बघ.

आणि फळी कर. सुताराकडून खाच एकाच दमात मारून घे, उतार दोन अंशांच्या आतच ठेव, नाहीतर गोळी हाताबाहेर जाते. पाण्याची नळी बोटाने बंद करायची सवय दोन-चार दिवसांत होते. तोपर्यंतचे आकडे खोडू नकोस, वहीत तसेच राहू देत. मला सरासरी नको, सगळे आकडे पाठव.

कळावे, लोभ आहेच.