पाडव्याचा पहिला केक: एवढंच कर

अगं, पहिल्याच केकवर गुलाब, फुलपाखरं आणि गुढी एकदम नको. एक फूल, एक पान, दोन रंग. बस्स.

केक पूर्ण गार झाल्याशिवाय क्रीमला हात लावू नकोस. निम्मे केक इथेच घसरतात. आधी क्रीमचा पातळ हात फिरवून केकचा सुटा चुरा बसव, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव, मग वरचा थर दे.

मार्च-एप्रिलच्या उकाड्यात क्रीम हीच खरी डोकेदुखी. नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम फ्रीजरमधून काढून रात्रभर खाली फ्रिजमध्ये ठेव. ओट्यावर नको. भांडंही गार हवं. फेटताना बीटर उचलल्यावर क्रीमचं टोक ताठ उभं राहिलं की थांब; पुढे फेटलंस तर ते रवाळ होतं. पायपिंग बॅगेत (क्रीमची नक्षी काढायच्या पिशवीत) मूठभरच भर, कारण तळहाताच्या उबेनेही क्रीम सैल पडतं. (माझा क्रीमचा पहिला बहावा केकवरून सरळ ताटात उतरला होता.)

बहावाच कर, सोपा आहे. बॅगेच्या टोकाला लावायच्या बारीक गोल नोझलने काठावरून खाली पिवळे ठिपके सोडायचे, वर दाट, खाली विरळ. आधी उपड्या स्टीलच्या ताटावर सराव कर, खरवडून तेच क्रीम परत वापर.

रंग जेलचाच घे, टूथपिकच्या टोकावर मावेल इतकाच. तासाभरात तो आपोआप गडद होतो.

आणि बागेतली खरी फुलं खोचू नकोस. कण्हेर, बिट्टी दिसायला गोड, पण विषारी.