‘दोन वायरा तर ओढायच्यात की!’

*“खानापूर तालुक्यातला आहे. आयटीआय इलेक्ट्रिशियन झालो, आता बेळगावच्या उद्यमबागेत एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे आहे. तिथल्याच एका फॅब्रिकेशनवाल्यानं फार्महाऊससाठी ड्यून बग्गी, म्हणजे उघड्या सांगाड्याची गाडी बनवली, मारुती ८०० चं इंजिन मागं टाकून. वायरिंग मी रात्री आणि सुटीच्या दिवशी बसून केलं. सामानासकट ९,००० सांगितले होते, त्यातले ७,००० सामानातच गेले. मध्येच फ्रेम पावडर कोटिंगला नेली म्हणून सगळं उतरवून परत बसवलं. शेवटी दिव्यांचा एलईडी बार वाढवला. जास्त मागितले तर म्हणाले, ‘दोन वायरा तर ओढायच्यात की, त्याला काय एवढं?’ आता ते आणखी दोन बग्ग्या करायलेत आणि मलाच बोलवायलेत. पैसे किती म्हणून सांगायचे तेच कळेना झालंय. बाबा म्हणतात, हे सोड आणि डिप्लोमा कर. काय करू?”*

फॅब्रिकेशनवाल्यावर चिडू नकोस. त्याचं वेल्डिंग चारचौघांना दिसतं. तुझं काम फ्लेक्झिबल पाइपात जातं आणि नजरेआड होतं. जे दिसत नाही त्याचे पैसे मागायचे, तर ते आधी कागदावर दाखवावं लागतं. तू गाडीकडं बघितलंस आणि तोंडाला आला तो आकडा सांगितलास. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला. तुला परत बोलावलंय, म्हणजे हातात काही खोट नाही. कच्चा आहे तो अंदाजपत्रकाचा भाग, आणि तो शिकता येतो.

नव्या दोन बग्ग्यांचं बोलणं निघालं की आकडा सांगू नकोस. “लोडची यादी द्या, दोन दिवसांत कोटेशन देतो” एवढंच म्हण. यादी त्यांच्याकडं नसणारच. मग त्यांच्यासमोर बसून तूच कर: हेडलाइट, टेल, ब्रेक, इंडिकेटर, हॉर्न, रेडिएटरचा पंखा, फ्युएल पंप, सेल्फ, मीटर, एलईडी बार, मोबाइल चार्जर, म्युझिक. प्रत्येकापुढं वॅट लिही आणि १२ ने भाग, की अँपियर आले. ५५ वॅटचे दोन लो बीम म्हणजे साधारण ९ अँपियर, १२० वॅटचा बार म्हणजे १०. बेरीज झाली की अल्टरनेटरवरचा, म्हणजे इंजिनावर चालून वीज करणाऱ्या यंत्रावरचा आकडा पाहा. बेरीज त्याच्यावर जात असेल तर ते कामाला हात लावण्याआधी सांगायचं, बॅटरी उतरल्यावर नाही.

आता वायरीची जाडी. पहिल्या गाडीत बारला काय वापरलंस ते तू लिहिलेलं नाहीस, पण पैसे वाचवायला बहुतेकजण इथंच बारीक वायर घालतात. फ्यूज बॉक्स ते बार चार मीटर धर आणि अर्थची वायर वेगळी ओढलीस तर परतीचे चार, एकूण आठ. १ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत १० अँपियरला सुमारे १.४ व्होल्ट वाटेतच जातात. २.५ घेतलीस तर साधारण ०.५६. बग्गीत इंजिन मागं आणि दिवे पुढं, त्यामुळं ही लांबी कायम नडते. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो हेही विसरू नकोस: या बारला रिले, म्हणजे जास्त करंटचा स्विच, आणि १५ चा निळा फ्यूज पुरे. बार पेटत नाही म्हणून कुणी ३० चा हिरवा खोचला, तर पुढच्या वेळी वायरच फ्यूजचं काम करेल.

कोटेशनआधी दुसरा प्रश्न इंजिनाचा विचारायचा. कार्बोरेटरचं जुनं इंजिन असेल तर वायरी मोजक्याच. एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्शनचं असेल तर काम कितीतरी वाढतं. अशा वेळी इंजिन आणि ईसीएम, म्हणजे तो कॉम्प्युटर, ज्या गाडीतले, तिचाच मूळ हार्नेस, म्हणजे वायरींचा बांधलेला जुडगा, न कापता मिळायला हवा, आणि तो गाडीतून उतरवताना तू तिथं हजर हवास, प्रत्येक कनेक्टरला चिकटपट्टी लावून नाव लिहायला. चोरी रोखणारा इमोबिलायझर असेल तर किल्लीही त्याच गाडीची. भंगारवाल्यानं हार्नेस कोयत्यानं तोडून आणला असेल, तर कोटेशनमध्ये त्याचे तास वेगळे लिही. नको असलेल्या वायरी शोधून काढायला नवीन लूम, म्हणजे नवा हार्नेस, बांधण्याहून जास्त वेळ जाऊ शकतो.

आणि पावडर कोटिंग. तुझे सगळ्यात जास्त तास त्यातच वाया गेले असणार. क्रम असा ठेव: कोरी फ्रेम असतानाच सुतळी घेऊन वायरीचे मार्ग मोजायचे, क्लॅम्पच्या पट्ट्या आणि अर्थचे बोल्ट कुठं वेल्ड करायचे ते खडूनं दाखवायचं. मग फ्रेम कोटिंगला जाईल. तोवर तू लूम टेबलावर, खिळे ठोकलेल्या प्लायवर बांधायची, दोन्ही टोकांना नंबर घालायचे. फ्रेम परत आली की एकदाच बसवायची. कोटिंगचा थर वीज वाहू देत नाही. अर्थच्या बोल्टाखालची जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासून, वायरीच्या टोकाचं थिंबल बसवून, वरून ग्रीस लावायचं. “दिवे लुकलुकतात, सेल्फ कधी घेतो कधी घेत नाही” ही तक्रार आली की मी आधी तिथंच पान्हा लावायला सांगेन. खानापूरकडचा पाऊस आणि तांबडा चिखल तुला मी काय सांगायचा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोड एका पावसाळ्यात हिरवी पडते. दाबून बसवायच्या क्रिंप आणि गरम केल्यावर आवळणाऱ्या हीट श्रिंक स्लीव्हचा खर्च धरूनच दर सांग.

आता पैशाचं बोलू. आधी तुझ्या तासाची किंमत काढ. समजा, महिन्याला घरी २०,००० न्यायचे आहेत आणि भाडं, वीज, पेट्रोल, हत्यारांची झीज मिळून ६,००० जातात. झाले २६,०००. २६ दिवस रोज ८ तास म्हणजे २०८ तास, पण बाजारात सामान आणणं, गिऱ्हाइकाची वाट बघणं, फोन यांत बराच वेळ जातो. पैसे मिळतील असे तास १२५ धर. २६,००० भागिले १२५, म्हणजे तासाला २०८. आपण २१० म्हणू.

कार्बोरेटरच्या बग्गीला आराखडा ६ तास, फ्रेमवर मोजणी ८, लूम बांधणी १६, बसवणं १२, तपासणी ६, असे ४८ तास धरले तर मजुरी सुमारे १०,००० होते. सामान ७,०००, त्यावर १५ टक्के, कारण ते आणायला तूच फिरतोस आणि खराब निघालं तर बदलूनही तूच देणार. म्हणजे ८,०५०. अनपेक्षित गोष्टींसाठी मजुरीच्या १० टक्के. बेरीज १९,००० च्या आसपास. तू सांगितलेस ९,०००. तास आणि पगार माझे अंदाजाचे आहेत, तिथं तुझे आकडे घाल, पण रीत हीच ठेव. पुढच्या गाडीवर प्रत्येक टप्प्याचे खरे तास वहीत लिहिलेस, की तिसऱ्या गाडीला अंदाज करावा लागणार नाही.

त्यांना हा आकडा जास्त वाटेल. वाटू दे. घासाघीस झाली तर दर उतरवू नकोस, काम कमी कर: म्युझिक काढा, बार नंतर लावू. कोटेशनखाली चार ओळी हव्यात. यादीबाहेरचं काही वाढलं तर आधी लेखी होकार आणि तासाप्रमाणं पैसे. बसवल्यानंतर दुसऱ्या कुणाच्या कामासाठी उतरवावं लागलं तर त्याचे पैसे वेगळे. सामानाची रक्कम आगाऊ, मजुरी निम्मी लूम दाखवल्यावर, उरलेली गाडी चालू करून दाखवल्यावर. चौथी ओळ कायद्याची: ‘फक्त खाजगी जागेत वापरासाठी’. अशी घरी बांधलेली गाडी आरटीओत सहजासहजी नोंदवता येत नाही, आणि नोंदणी असलेल्या गाडीतही मूळ रचनेविरुद्ध बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळं चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. ट्रायल घ्यायला ती खानापूर रोडवर काढू नकोस, मालकानं किल्ली दिली तरी. गोव्याचं गिऱ्हाईक आलं तर त्यालाही सांग, तिथं किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे.

एक स्पष्ट सांगतो. नुसत्या बग्ग्यांवर बेळगाव भागात घर चालणार नाही. पण लूम बांधणारा, आराखडा काढून देणारा माणूस ट्रॅक्टर, जेसीबी, ॲम्ब्युलन्स, फूड व्हॅन सगळ्यांनाच लागतो. चिकोडी, निपाणी, संकेश्वरकडं कारखाने सुरू व्हायच्या तोंडावर ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांचे मागचे दिवे दुरुस्त करून घ्यायला ट्रॅक्टर येतात, आणि रिसॉर्टवाल्यांना बग्गी डिसेंबरआधी हवी असते. दोन्ही गर्दी एकाच वेळची. बग्गीची तारीख देताना हे डोळ्यांसमोर ठेव, नाहीतर दोन्हीकडं तोंड लपवत फिरशील. तुला मराठी, कन्नड येतंच, कोंकणी समजत असेल, तर तिन्हीकडचं काम घेणारे इथं फार नाहीत.

डिप्लोमाचं म्हणशील तर बाबांचं चुकीचं नाही. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे एक वर्ष वाचतं. गाड्यांत सेन्सर आणि ईसीएम वाढत चाललेत, पुढं बॅटरीवरच्या गाड्या आहेत. तिथं सर्किट वाचणारा टिकतो. या दोन बग्ग्या कर, तासांची वही ठेव आणि पुढच्या प्रवेशाच्या वेळी फॉर्म भर. स्वतःचं दुकान काढायची घाई आत्ता करू नकोस. काढलंस तर उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नकोस. हत्यारांसाठी मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळू शकतं. पहिला खर्च चांगल्या क्रिंपिंग प्लायरवर आणि क्लॅम्प मीटरवर कर, बोर्ड नंतर रंगव.

दोन्ही बग्ग्यांची कोटेशनं वेगवेगळी दे. दुसऱ्या गाडीची रचना तीच असेल तर आराखडा आणि मोजणीचे तास निम्मे लाव आणि ती सूट कागदावर दिसू दे. बाकी काही कमी करू नकोस. आणि हो, जुन्या बग्गीवरचा एलईडी बार बंद पडला म्हणून फोन आला, तर जायच्या आधी तपासणीचा दर सांग.