दिल्ली–टोकियो : तिकिटावरचे तास आणि आकाशातले तास

प्रश्न : माझी मुलगी शिक्षणासाठी टोकियोला जाणार आहे. नागपूरहून थेट विमान नसल्याने आम्ही दिल्लीमार्गे तिकीट काढले. जाताना दिल्लीहून रात्री ८.१५ ला निघून सकाळी ७.४५ ला टोकियो, म्हणजे साडेअकरा तास. येताना सकाळी ११.३० ला निघून संध्याकाळी ५.३० ला दिल्ली, म्हणजे अवघे सहा तास. अंतर तेच असताना परतीचे विमान एवढे वेगवान कसे? मुळात हे अंतर किती आहे?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : वस्तुस्थिती नेमकी उलट आहे, परतीलाच अधिक वेळ लागतो. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते आणि जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. जातानाच्या साडेअकरा तासांतून हा फरक वजा केला की आठ तास उरतात, आणि येतानाच्या सहा तासांत तो मिळवला की साडेनऊ तास होतात.

दिल्ली ते टोकियो हे पृथ्वीच्या गोलावर मोजलेले किमान अंतर सुमारे ५,९०० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने ते साडेसहा तासांत संपायला हवे, असे आपण म्हणाल. परंतु ही सरळ रेषा तिबेटच्या पठारावरून जाते आणि प्रवासी विमाने शक्यतो तो भाग टाळतात. केबिनमधील हवेचा दाब अचानक कमी झाल्यास प्रवाशांच्या मास्कमधील प्राणवायू काही मिनिटेच पुरतो, तेवढ्या अवधीत विमानाला सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते, आणि तिबेटची जमीनच सरासरी ४,५०० मीटर उंचीवर आहे. म्हणून ही विमाने साधारणपणे पूर्वेला बांगलादेश, म्यानमार आणि दक्षिण चीनवरून वळसा घेतात. धावपट्टीपर्यंत जाण्याचा व उतरल्यावर थांब्यापर्यंत येण्याचा वेळही तिकिटावरील वेळेत धरलेला असतो.

जाण्या-येण्याच्या वेळांत उरलेला दीड तासाचा फरक वाऱ्याचा आहे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचा पट्टा वाहतो. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. जाताना तो विमानाला पाठीमागून ढकलतो, येताना समोरून अडवतो. या वाऱ्यांचा पद्धतशीर अभ्यास वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून केला होता. जगाला कळावे म्हणून त्यांनी १९२६ मध्ये आपले निष्कर्ष एस्परांतो या, सर्व देशांतल्या लोकांसाठी मुद्दाम रचलेल्या भाषेत छापले आणि बहुधा त्यामुळेच ते फारसे कुणी वाचले नाहीत!

परतीचे नागपूरचे तिकीट काढताना एवढे ध्यानात असू द्यावे की डिसेंबर-जानेवारीत समोरचा वारा जोरात असतो आणि दिल्लीत धुके पडते. इमिग्रेशन व सामान मिळणे यांत सहज तास-दीड तास जातो, त्यामुळे साडेपाचला उतरणाऱ्याने रात्री नऊच्या आधीचे विमान धरू नये.