बाग आपली, पण ठरवायचं कोणी?

नव्या बागांबद्दल पत्रं मागवली होती तर एवढी आली की सगळ्यांना वेगळं उत्तर देणं शक्यच नाही. बऱ्याच जणांचं दुखणं एकच आहे म्हणून काही निवडलीत. भाषा तुमचीच ठेवलीय, फक्त नावं काढलीत, आणि दोन-तीन पत्रांतल्या शिव्याही.

प्रश्न: ताई, आमच्या वस्तीतली अर्धा एकर रिकामी जागा बागेसाठी मिळालीय. सगळ्यांना विचारूनच करायचं म्हणून मीटिंग घेतली, माणसं थोडीच आली पण मागण्या बघा, वॉकिंग ट्रॅक, बास्केटबॉल, कारंजं, ओपन जिम, लॉन, स्टेज, पक्ष्यांसाठी झाडी, कुत्र्यांसाठी वेगळी जागा. आता यादी माझ्या हातात आणि जो तो विचारतोय कधी होणार. सुरुवात कुठून करू? – वैतागलेला सेक्रेटरी

उत्तर: आधी ती यादी बाजूला ठेवा. फाडू नका, लोकांनी वेळ काढून दिलीय, पण तिच्यावरून प्लॅन काढायला बसू नका. काय होतं ना, "काय हवं" असं विचारलं की माणूस दुसऱ्या कुठल्यातरी बागेत पाहिलेलंच सांगतो, आणि एकदा तोंडातून कारंजं निघालं की ती त्याची मागणी होते, मग ती सोडायची म्हणजे हार मानल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा विचारा की संध्याकाळी घरातून बाहेर पडून तुम्ही आत्ता जाता कुठे, सोबत कोण असतं, किती वेळ थांबता आणि कशामुळे लवकर परत येता. यावर भांडण होत नाही कारण जो तो स्वतःबद्दलच बोलतोय. ट्रॅक मागणाऱ्या आजोबांना कदाचित ट्रॅक नकोच असतो, दहा मिनिटं चालल्यावर टेकायला जागा हवी असते, आणि ते "मला दम लागतो" असं चारचौघांत म्हणणार नाहीत, ट्रॅक म्हणतील.

मग जागेवर जा. रिकामी म्हणतो ती जागा खरं तर रिकामी नसतेच. लोक शॉर्टकट मारून आडवे जातात, पायवाट पडलेली असते, ती कुठून कुठे जाते ते बघा आणि पक्का रस्ता तिथूनच न्या. नाहीतर तुमच्या नव्या कोऱ्या लॉनवर तीच पायवाट परत उमटणार आणि मग तुम्ही पाटी लावणार. सकाळी बघा, भर दुपारी बघा, दिवेलागणीला बघा, पाऊस पडून गेल्यावर पाणी कुठे तुंबतं ते बघा. हे काम दोघा-तिघांनी वाटून घ्या, एकट्याने करू नका, कारण प्रत्येकाला वेगळं दिसतं.

आणि मग यादी बाहेर काढायची. अर्धा एकर म्हणजे साधारण दोन हजार चौरस मीटर. एक सेंटीमीटरला एक मीटर या हिशोबाने जागेचा आकार मोठ्या कागदावर काढा, त्याच मापाने पुठ्ठ्याचे तुकडे कापा आणि लोकांच्या हातात द्या, म्हणावं बसवा आता. बास्केटबॉलचं पूर्ण कोर्ट २८ बाय १५ मीटर असतं, म्हणजे ४२० चौरस मीटर, वर चारी बाजूंनी धावायला मोकळी जागा सोडायची तर जवळजवळ तीस टक्के बाग त्यातच गेली. हे तुम्ही माइकवरून सांगितलंत तर तुम्ही खेळाच्या विरोधात. तेच पुठ्ठ्याचा तुकडा स्वतःच्या हाताने ठेवून बघितला की कोर्टवालाच म्हणतो अर्ध्या कोर्टावर भागवू. मला तरी सगळ्या पद्धतींमध्ये ही सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण इथे जागाच नाही म्हणते, सेक्रेटरी नाही.

ठरलं की लगेच कॉन्ट्रॅक्टर बोलावू नका. जमिनीवर फक्की मारा, चार खुर्च्या टाका, दोन-तीन आठवडे तसंच राहू दे. वाट चुकीच्या ठिकाणी आखली असेल तर फक्की पुसायला काहीच लागत नाही, काँक्रीट फोडायला लागतं.

प्रश्न: ऑनलाइन फॉर्म पाठवून लोकांची मतं घेतली तर पुरेसं आहे ना? सगळ्यांकडे मोबाइल आहेच. – वेळ नसलेला

उत्तर: नाही. फॉर्म पाठवा जरूर, पण तो ग्रुपवर फिरणार आणि ग्रुपवर जे आधीच बोलतात तेच भरणार. कामाला येणाऱ्या बायका, वॉचमन, दुपारी सावली शोधणारे डिलिव्हरीवाले, व्हीलचेअरवरचा मुलगा आणि त्याची आई, भाड्याने राहणारे, हे कोणी त्या ग्रुपवर नसतात. त्यांच्याकडे तुम्ही जायचं, शाळा सुटायच्या वेळी गेटवर, बसस्टॉपवर, पाच मिनिटं उभं राहून. आणि आलेल्या उत्तरांची बेरीज करून "बहुमत ट्रॅकला" असं जाहीर करू नका प्लीज. व्हीलचेअरवाला एकच असतो, म्हणून रॅम्पवर मतदान घेणार का? बारा मीटर लांबीत एक मीटरपेक्षा जास्त चढ नको, वळायला दीड मीटर मोकळी जागा हवी, हे मत नाही, माप आहे.

प्रश्न: मी सोळा वर्षांची आहे. बागेच्या मीटिंगला गेले होते तर सगळे म्हणाले "मुलांसाठी घसरगुंडी आहे, ज्येष्ठांसाठी कट्टा आहे." मग आम्ही? मुलगे निदान बॉल घेऊन घुसतात तरी, आम्ही मैत्रिणी कुठे बसलो की लगेच कोणीतरी बघतं किंवा हटकतं. – उगाच आलेली

उत्तर: उगाच नाही गं, तुझ्यासारखीच तिथे यायला हवी होती. तुझं म्हणणं नुसती तक्रार नाहीये. व्हिएन्ना शहरात नव्वदच्या दशकात बागांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की साधारण नऊ वर्षांनंतर बागेत येणाऱ्या मुलींची संख्या एकदम घटते, मुलग्यांची तशी घटत नाही. कारण असं निघालं की एकच मोठी मोकळी जागा असली की तिच्यावर हक्क सांगावा लागतो, आणि त्या रेटारेटीत मुली बाजूला होतात. मग १९९९ मध्ये तिथल्या दोन बागा बदलल्या. मोठ्या मैदानाचे झाडं लावून छोटे छोटे भाग केले, वाटा वाढवल्या, नुसत्या फुटबॉलऐवजी व्हॉलीबॉल-बॅडमिंटनलाही जागा दिली. मुलींचे ग्रुप पुन्हा दिसायला लागले, आणि मुलग्यांना कोणी हाकललं नव्हतं!

तर पुढच्या मीटिंगला दोघी-तिघी मिळून जा आणि नेमकं मागा. समोरासमोर बसता येतील असे बाक, कारण एका रांगेतल्या बाकावर पाच जणी बसल्या की कडेच्या दोघींना एकमेकींचं ऐकू येत नाही. जागा अशी की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल पण कोणाच्या नाकासमोर नसेल. बाहेर पडायला दोन वाटा. घरी जायच्या रस्त्यावर दिवा. "आमच्यासाठी काहीतरी करा" म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि विसरतात. बाक कुठे, तोंड कुणीकडे, असं सांगितलं की लिहून घ्यावंच लागतं.

प्रश्न: लहान मुलांना काय विचारायचं? विचारलं की झोका आणि घसरगुंडीच म्हणतात. – बालवाडीची ताई

उत्तर: विचारू नका, त्यांच्या मागे मागे फिरा. डेन्मार्कचे बागांचे आर्किटेक्ट सोरेनसन यांनी तेच केलं, मुलं तयार खेळण्यांपेक्षा बांधकामाच्या भंगारात जास्त रमतात हे त्यांनी पाहिलं आणि १९४३ मध्ये कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात भंगाराचंच खेळाचं मैदान उभं राहिलं. आम्सटरडॅममध्ये आल्डो व्हान आइक या आर्किटेक्टनी १९४७ पासून पुढच्या तीसेक वर्षांत सातशेच्या वर खेळाच्या जागा केल्या, त्यातल्या बऱ्याच रहिवाशांनी "आमच्याही गल्लीत करा" अशी पत्रं पाठवल्यामुळे. त्यात असायचं काय तर रुंद काठाचा वाळूचा हौद, लोखंडी नळ्यांच्या कमानी, उड्या मारायला ठोकळे. हत्तीच्या तोंडाची घसरगुंडी नाही. त्या काठावर मुलं वाळूचे केक मांडतात आणि आयाही टेकतात. कॅटलॉगमधल्या खेळण्यांचे पैसे वाचले तर ते खालच्या जमिनीवर घाला, उंच खेळण्याखाली वाळूचा किंवा लाकडाच्या बारीक तुकड्यांचा थर चांगला फूटभर हवा, आणि तो वरचेवर सारखा करायला माणूस हवा.

प्रश्न: माझं घर तळमजल्यावर, बागेला लागून. रात्री कोणीही येऊन बसेल म्हणून मी उंच भिंत आणि दाट कुंपण मागितलं तर मला विकासविरोधी म्हणाले. भीती वाटणं गुन्हा आहे का? – खिडकीशेजारची

उत्तर: गुन्हा कसला, काकू. बागेचा त्रास झाला तर सगळ्यात आधी तुम्हालाच होणार आहे, तेव्हा तुमचं ऐकलंच पाहिजे. पण भिंतीबाबत मी तुमच्या बाजूने नाही. न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क सत्तरच्या दशकात ड्रग्ज विकणाऱ्यांच्या ताब्यात गेलं होतं. विल्यम व्हाइट नावाचे गृहस्थ लोक मोकळ्या जागेत कसे वागतात हे तासन्तास बघायचे, त्यांनी सांगितलं की इथली झुडपं आणि कुंपणंच त्या लोकांना आडोसा देतायत. मग दाट झुडपं काढली, प्रवेश रुंद केले, उचलून कुठेही नेता येतील अशा खुर्च्या ठेवल्या, आणि १९९२ मध्ये बाग पुन्हा उघडली तेव्हा ती माणसांनी भरली. आतलं दिसत नाही तिथे तुमच्यासारखी माणसं जात नाहीत आणि ज्यांना दिसायचं नसतं तीच जातात.

त्याऐवजी हे मागा: तुमच्या खिडकीकडच्या बाजूला खेळाचं कोर्ट नको, स्टेज नको, बाकही नकोत, नुसता लागवडीचा पट्टा, कमरेएवढी झुडपं आणि त्यामागे जाळी. दिवे खाली तोंड केलेले, घरात उजेड न मारणारे. बंद व्हायची वेळ ठरलेली आणि कुलूप लावणारा माणूस ठरलेला. एवढं मिळायला हवं तुम्हाला. बागच नको असा व्हेटो मात्र नाही मिळणार.

प्रश्न: आम्हाला एकदम रंगीत थ्रीडी चित्र दाखवलं आणि सांगितलं पंधरा दिवसांत सूचना द्या. याला लोकसहभाग म्हणायचं? – शंकेखोर

उत्तर: चित्रात फुगे घेतलेली मुलं होती ना? असतातच. शेरी अर्नस्टीन या बाईंनी १९६९ मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, सगळ्यात खाली लोकांना गुंडाळणं आणि सगळ्यात वर लोकांच्या हातात सत्ता. माहिती देणं, मत विचारणं, या मधल्या पायऱ्या त्यांच्या मते बहुतेक वेळा दिखाऊच, कारण ऐकून घेतात पण निर्णय दुसरीकडेच असतो. तुमचं चित्र तिथेच कुठेतरी आहे.

पण चिडून बहिष्कार घालू नका, त्यांना तेच सोयीचं पडेल. एकच प्रश्न लेखी विचारा, यातलं अजून काय बदलता येतं? कधी कधी खरंच काही गोष्टी हलत नाहीत, खालून पाण्याची मोठी लाइन जाते, किंवा निधी एका ठरावीक कामासाठीच असतो, आणि तसं असेल तर त्यांनी सरळ सांगावं, लोक समजून घेतात. वाईट वाटतं ते विचारायचं नाटक केल्याचं. दुसरं म्हणजे प्रत्येक सूचनेपुढे "घेतली" किंवा "नाही घेतली, कारण अमुक" असा तक्ता जागेवरच्या फलकावर लावायला सांगा. त्या दुसऱ्या रकान्याने जेवढी शिस्त येते तेवढी शंभर मीटिंगांनी येत नाही. आणि पैशाचा आकडा सुरुवातीलाच मागा. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून लोकांनी पालिकेच्या बजेटचा एक भाग स्वतः बसून वाटला, कारण आकडा समोर असल्याशिवाय केलेली चर्चा म्हणजे नुसत्या गप्पा.

प्रश्न: बाग झाली की वर्षात वाट लागते, कारंजं बंद, झाडं वाळलेली. आधीच काय करता येईल? – एकदा पोळलेले

उत्तर: उभारायचा खर्च आणि दर वर्षीचा खर्च हे दोन वेगळे आकडे असतात आणि मीटिंगमध्ये पहिलाच सांगतात. प्रत्येक गोष्टीपुढे दुसरा आकडा लिहायला लावा. कारंज्याचा पंप, लॉनचं पाणी आणि कटिंग, हे आकडे समोर आले की निम्मी हौस फिटते.

झाडांचं म्हणाल तर जुनी आहेत ती आधी वाचवा. पाणी शोषणारी मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात, त्यामुळे बुंध्याला हात न लावता नुसता पाइपचा चर खणला तरी झाड दोन-तीन वर्षांनी हळूहळू वाळतं आणि मग कोणालाच कारण कळत नाही. चर वळवून न्या. नवीन रोपांना पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी लागतंच लागतं, म्हणून लावायच्या आधी कोण पाणी घालणार ते ठरवा, "सगळे मिळून घालू" म्हणजे कोणीच नाही. प्रत्येक झाडाला एक घर जोडून द्या हवं तर. आणि प्लॅनमध्ये नळ कुठे दाखवलाय ते बघा, बहुतेक वेळा गेटपाशी एकच असतो आणि पाइप निम्म्या झाडांपर्यंत पोचत नाही. दोन नळ मागा, आणि त्यांच्या कुलपाची एक किल्ली वस्तीतल्या कोणाकडे तरी राहील हे लिहून घ्या.