टेन-होल माउथ ऑर्गन टॅब (कोणत्या होलमध्ये फुंकायचं, कुठे ओढायचं हे आकड्यांत दाखवणारं लेखन) बघून वाजवता येतो, पण इंटरव्हल वगैरे थिअरी डोक्यात शिरत नाही. ती शिकायलाच हवी का?

टॅब बघून गाणी वाजवण्यावरच समाधान असेल, तर नको. पण तुम्ही पुढे लिहिलंय की 3 नंबरच्या होलवर बेंड करताना (म्हणजे तोंडाची ठेवण बदलून सूर खाली उतरवताना) दर वेळी वेगळाच सूर निघतो. त्याचं उत्तर इंटरव्हलमध्येच आहे, आणि त्यासाठी लागणारी थिअरी जेमतेम पानभर आहे.

इंटरव्हल म्हणजे दोन सुरांमधलं अंतर. ते अर्धस्वरांत मोजायचं. सा पासून रे 2 अर्धस्वरांवर, ग 4, म 5, प 7, ध 9, नी 11 आणि वरचा सा 12. ग-म आणि नी-सा यांच्यात एकच अर्धस्वर, बाकी शेजारच्या जोड्यांत दोन-दोन. एवढं पाठ करा. मायनर थर्ड म्हणजे 3, मेजर थर्ड म्हणजे 4, परफेक्ट फिफ्थ म्हणजे 7. नावं मागाहून बसतात.

आता सी कीचा, म्हणजे सी (C) हा मूळ सूर असलेला, माउथ ऑर्गन घ्या आणि सी ला सा माना. 1 नंबरला फुंकून सा, ओढून रे. 2 ला ग आणि प, 3 ला प आणि नी, 4 ला पुन्हा सा-रे, 5 ला ग-म, 6 ला प-ध. बेंडचा सगळा हिशेब या जोड्यांवर चालतो: होलमधल्या दोन सुरांपैकी जो वरचा, तो खाली उतरवता येतो, आणि खालच्या सुराच्या एक अर्धस्वर वर येऊन थांबतो.

म्हणजे 3 नंबरला प ते नी अंतर 4, मधे कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध असे तीन मुक्काम. तुमचा सूर या तिघांत भटकतोय, बाकी काही नाही. 2 नंबरला अंतर 3, म्हणून तीव्र म आणि शुद्ध म असे दोन. 1, 4 आणि 6 ला एकेकच. 5 ला ग-म मधे जागाच नाही, तिथे सूर जरासा ढळतो इतकंच. त्यावर जोर काढू नका, आतल्या कंप पावणाऱ्या पत्तीचं नुकसान होतं. 7 पासून गंमत उलटते: फुंकलेला सूर ओढलेल्यापेक्षा वर जातो, म्हणून 8, 9, 10 ला फुंकून बेंड.

खालच्या सप्तकात म आणि ध सरळ मिळतच नाहीत, हेही लक्षात आलं असेल. ओढून 1 ते 4 एकत्र वाजवले की G मेजर कॉर्ड (प, नी, रे हे सूर एकत्र) मिळावी अशी ही रचना आहे, त्यापायी ते दोन सूर गळाले. ते 2 आणि 3 च्या बेंडमधून काढावे लागतात. सरावाला हीच जागा मला सर्वांत उपयोगी वाटते: आधी 5 नंबर ओढून म ऐका, तो एक सप्तक खाली गुणगुणा, आणि मग 2 नंबर बेंड करून त्याच्यापर्यंत या. तसंच 6 चा ध ऐकून 3 वर. ट्यूनर (कोणता सूर लागला ते दाखवणारं यंत्र किंवा अ‍ॅप) जवळ ठेवा, पण गुणगुणल्याशिवाय त्याच्याकडे बघू नका.

ब्लूजवाले याच सी माउथ ऑर्गनवर प ला सा धरून जी (G) मध्ये वाजवतात. त्याला सेकंड पोझिशन म्हणतात. मग 5 नंबर ओढलेला सूर कोमल नी होतो, 3 चा पहिला बेंड कोमल ग, आणि 4 चा बेंड तीव्र म. तो ब्लूजचा कण्हता रंग यातूनच येतो. गाण्याची की माहीत असेल तर तिथून 5 अर्धस्वर वर मोजायचे: गाणं ई मध्ये असेल तर ए चा माउथ ऑर्गन.

मोड्सची ग्रीक नावं आणि सर्कल ऑफ फिफ्थ्सचे तक्ते तूर्तास बाजूला ठेवा. 2 आणि 3 नंबरचे पाच बेंड नेमके लागायला लागले की त्यांच्याकडे वळा.